यंत्राने घ्यायची अक्षरांची परीक्षा

मुरूड तालुक्यात राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा हे बंदर आहे. तिथल्या धक्क्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की समोर दिघी दिसते, उजव्या हाताला खाडीचे मुख आणि त्या बाजूला पाण्यातला जंजिरा. पाठीशी डोंगर. म्हणजे पुढे दर्या आणि मागे दऱ्या. हे दोन शब्द मी मुद्दाम लागोपाठ उच्चारले. पहिल्यात र चा भार मागच्या द वर पडतो, दुसऱ्यात पडत नाही. तुमच्या कानांनी तो फरक टिपला असेलच. लिहिताना पहिल्या शब्दात आपण डोक्यावर रफार देतो, दुसऱ्यात य च्या डाव्या अंगाला एक बारीकशी वळलेली रेघ जोडतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना ही जोडी देऊन शिक्षक वर्गात हाच फरक शिकवतात. एक गुरू आणि दुसरा स्वयंपाकी, मध्ये फक्त ती रेघ.

आता प्रश्न असा की, हा फरक तुमच्या खिशातल्या फोनला कोणी शिकवला? आणि शिकवला तो शिकवला, पण उद्या कोणी त्या फोनच्या आज्ञावलीत भलतीच दुरुस्ती केली, तर तो हे विसरणार नाही याची खात्री काय? आजचे भाषण या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. संगणकाच्या धंद्यातली माणसे या कामाला आपोआप बांधणी आणि आपोआप चाचणी म्हणतात. विषय यंत्राचा वाटतो खरा. पण मी मराठीचा प्राध्यापक असून तो बोलायला घेतला आहे, कारण त्यात आपल्या भाषेचे काम अडलेले आहे.

आधी फोनच्या पोटात काय असते ते पाहू या. फोन अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. जगातल्या बहुतेक लिप्यांना मिळून एकच क्रमांकपट्टी आहे. तिचे नाव युनिकोड, आणि तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात द चा क्रमांक २३४२, र चा २३५२, पाय मोडण्याच्या खुणेचा २३८१, य चा २३५१ आणि कान्याचा २३६६. हे पाच आकडे ओळीने ठेवले की दर्या झाला. मग दऱ्या कसा होतो? आपल्या त्या निराळ्या र साठी पट्टीत वेगळे घर आहे, त्याचा क्रमांक २३५३. बाकी चार आकडे जसेच्या तसे. २३५२ च्या जागी २३५३ आला की समुद्र जाऊन डोंगराची घळ येते. (जाता जाता सांगतो: संगणकावर इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहिणाऱ्या शिक्षकांनी शिफ्टची कळ दाबून र ची कळ दाबावी, म्हणजे हा दुसरा र मिळतो. पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि मग प्रश्नपत्रिकेत ‘किनार्यावर’ असे काहीतरी छापले जाते.)

पण आकड्यांनी काम अर्धेच होते. त्या आकड्यांचे पडद्यावर चित्र उमटवायचे, तर र आणि पायमोड पुढे आले की रफार करा, तो उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्या, कान्यालाही ओलांडून न्या, असे नियम लागतात. पहिली वेलांटी आपण म नंतर उच्चारतो, यंत्रातही ती म नंतरच साठवली जाते, पण काढायची मात्र म च्या आधी. हे सारे नियम ज्या पेटाऱ्यात अक्षरांच्या आकृत्यांबरोबर बांधलेले असतात, त्याला फॉन्ट म्हणतात. जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीचा हा नातू. मुंबईत १८६९ साली निघालेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे आपल्या सुबकपणाबद्दल नावाजलेले होते. पण तिथे खिळा जुळवणारा माणूस होता, आणि छापण्यापूर्वी प्रूफ वाचणारा दुसरा माणूस होता. रफार चुकला की कागद परत जाई. फोनमध्ये शब्द दर वेळी नव्याने जुळतो, तुमच्या हातातच जुळतो, आणि मधे प्रूफ वाचणारा कोणीही नसतो. चूक थेट वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते. सुटून पडलेली वेलांटी आणि तिच्याशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ, असे चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिले असेल. ती प्रूफ न वाचलेली छपाईच आहे.

मग प्रूफ वाचायचे कोणी आणि कधी? उत्तर पुण्यातल्या एका कामात मिळते. लोहित नावाचा भारतीय लिप्यांचा एक फॉन्टसंच आहे. त्याच्या आकृत्या मूळ पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीच्या, आणि रेड हॅट या कंपनीने तो सर्वांसाठी खुला केला. २०११ साली त्याला फॉन्टांसाठीचा खुला परवाना लाभला. कोणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. त्याची देखभाल बरीच वर्षे रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केली. आरंभी लोहित हिंदी, लोहित मराठी असे वेगवेगळे पेटारे होते, पुढे त्यांचा मिळून एक लोहित देवनागरी झाला. सोय झाली, पण जोखीमही आली. हिंदीत त्या बारीक रेघेचे काम पडतच नाही. मराठीत पडते, नेपाळीत पडते. समजा, हिंदीतल्या एखाद्या जोडाक्षराची तक्रार आली म्हणून कोणी र चा एक नियम बदलला. हिंदीचा शब्द सुधारला, त्याने पाहिला, समाधान झाले. त्याच बदलाने मराठीतला वारा ‘वाऱ्यावर’ ऐवजी ‘वार्यावर’ होऊन बसला, तर त्या सज्जन माणसाला ते दिसणार कसे? त्याला मराठी येतच नाही. आणि मराठी येणाऱ्याला तरी प्रत्येक बदलानंतर हजारो शब्द डोळ्यांनी वाचणे शक्य आहे का? पहिल्या दिवशी वाचेल, दुसऱ्या दिवशी वाचेल, आठव्या दिवशी नुसता नजर फिरवील.

म्हणून २०१३ च्या सुमारास लोहित देवनागरीचे नियम नव्याने लिहायला घेतले गेले, तेव्हा त्याच्या मूळ साहित्यातच परीक्षेची सोय केली गेली. ती अशी. एका फाईलमध्ये कसोटीचे शब्द. दुसऱ्या फाईलमध्ये त्यांची बरोबर उत्तरे. उत्तर म्हणजे चित्र नव्हे. या शब्दासाठी कोणकोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने यायला हव्यात, त्यांच्या नावांची यादी. तिसरी एक छोटी आज्ञावली, जी नवा बांधलेला फॉन्ट घेते, प्रत्येक शब्द हार्फबझला जुळवायला देते, आणि आलेले उत्तर बरोबर उत्तराशी ताडून पाहते. हार्फबझ हे खिळे जुळवणाऱ्या यंत्राचे नाव आहे. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या संगणकतज्ज्ञाने ते वाढवले, आणि अँड्रॉइड फोनांत, फायरफॉक्स आणि क्रोम या न्याहाळकांत अक्षरे तेच जुळवते. नावातला हर्फ हा आपल्या ‘हरफ’ शब्दाचा भाऊ: एक हरफही न काढणे म्हणतो ना, तोच.

ही परीक्षा एका आज्ञेने होते, आणि कंटाळत नाही. हजारावा शब्द ती पहिल्याइतक्याच काळजीने पाहते. माणसाला हे साधत नाही, आणि साधत नाही यात माणसाचा दोष नाही.

ही कल्पना कुठून आली, तेही थोडक्यात सांगतो. १९७६ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन नावाचे संशोधक होते. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात गेली. दुरुस्ती त्याने कधीच केली होती. पण दुरुस्त केलेला तुकडा नव्या बांधणीत गेलाच नव्हता, त्यामुळे जुनाच माल चालत होता. फेल्डमन यांनी मग ‘मेक’ नावाची आज्ञावली लिहिली. कोणता भाग कशापासून बनतो हे तिला एकदा सांगून ठेवले, की जे बदलले असेल तेवढे ती नव्याने बांधते. लोहितची बांधणीही तिच्याच आधाराने होते. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा यांनी जावा भाषेतल्या आज्ञावलींसाठी चाचण्या लिहिण्याचे एक साधन तयार केले. पुढे २००४ साली कोहसुके कावागुची हे सन कंपनीत काम करत असताना, आपल्या हातून बांधणी मोडली तर ते इतरांच्या आधी आपल्याला कळावे, या हेतूने त्यांनी एक राखणदार आज्ञावली लिहिली. २०११ पासून तिला जेन्किन्स म्हणतात. जेन्किन्स हे जुन्या इंग्रजी घरातल्या खानसाम्याला शोभेल असे नाव आहे; मालकाला न विचारता घर नीटनेटके ठेवणारा.

आता ही व्यवस्था लावायची कशी? शिक्षकांपैकी कोणी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या हजेरीची किंवा शब्दकोशाची लहानशी आज्ञावली करून घेत असतील, त्यांना उपयोगी पडेल अशा बेताने सांगतो.

प्रथम सगळे साहित्य एका सामायिक कोठारात हवे. एकाच्या पेनड्राइव्हवर एक प्रत, दुसऱ्याच्या फोनवर दुसरी, ‘शेवटची’, ‘शेवटची नवी’, ‘खरीच शेवटची’ अशा नावांच्या फाईली, हे चालायचे नाही. कोठाराची वही ठेवणारी गिट नावाची आज्ञावली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली केली. कोणी, कधी, काय आणि का बदलले, याची ती नोंद ठेवते आणि मागे जाता येते. दुसरे, बांधणी एका आज्ञेत व्हायला हवी. आधी हे करा, मग ते करा, मग गणपतरावांना विचारा, असे असेल तर गणपतराव रजेवर गेले की काम बंद. कोऱ्या यंत्रावर कोठारातून माल उतरवावा, एक आज्ञा द्यावी, आणि तयार वस्तू हाती यावी. हे जमले की निम्मे काम झाले असे मी मानतो, कारण इथेच बहुतेकांचे घोडे अडते. लेखकाच्या संगणकावर काहीतरी असे असते की ज्याची त्यालाही आठवण नसते, आणि ते दुसरीकडे नसते.

तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे चाचण्यांवर, मी थोडा रेंगाळतो. चाचणी म्हणजे आधीच लिहून ठेवलेले उत्तर. ‘बरे दिसते का पाहा’ ही चाचणी नव्हे. ‘२३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६ हे आकडे दिले, तर द ची आकृती, मग रेघेचा र, मग य, मग काना, याच क्रमाने आले पाहिजे’ ही चाचणी. आणि ‘२३५२ दिला तर ती रेघ येता कामा नये, रफार आला पाहिजे’ हीसुद्धा चाचणी. दुसरी पुष्कळ जण लिहीत नाहीत. नुसते दऱ्या बरोबर आले म्हणून खूश होतात आणि तिकडे सगळ्या दर्यांच्या दऱ्या होऊन बसतात! जोडीतले दोन्ही शब्द परीक्षेला बसले पाहिजेत. त्यातही आणखी एक मेख आहे. ती रेघ काढण्याचा एक दुसरा मार्गही चालू आहे: साधा र, पायमोड, आणि त्यानंतर ८२०५ क्रमांकाची एक न दिसणारी जोडखूण. डोळ्यांना शब्द तोच, पोटात आकडे वेगळे. पुष्कळ मजकूर त्या पद्धतीने लिहिलेला असतो. तेव्हा तोही यादीत हवा.

चौथी गोष्ट राखणदाराची. कोठारात कोणीही काही बदल ठेवला की एका त्रयस्थ यंत्राने तो उचलावा, कोऱ्या जागेवर बांधणी करावी, सगळ्या चाचण्या घ्याव्यात, आणि पास झाला तर हिरवी खूण, नापास झाला तर तांबडी खूण सर्वांना दिसेल अशी लावावी. जेन्किन्स स्वतःच्या यंत्रावर बसवता येते. नाही तर गिटहबसारख्या ठिकाणी कोठार ठेवले, तर तिथलाच राखणदार खुल्या प्रकल्पांसाठी फुकट राबतो. कोठारात सूचनांची एक लहानशी फाईल ठेवायची, दहा-वीस ओळींची, बस्स.

कोणी म्हणेल, रोज कशाला? महिन्यातून एकदा करू. यावर किनाऱ्यावरच्या मंडळींना दाखला द्यायला नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, डागडुजी चालते. समजा, एका होडीची दुरुस्ती दहा हातांनी दहा ठिकाणी केली, मधे कोणी पाणी टाकून पाहिले नाही, आणि एकदम नारळी पौर्णिमेला ती लोटली. तळात पाणी आले. आता नाखव्याने कोणत्या फळीकडे बोट दाखवायचे? दहाही जण शपथेवर सांगतात की माझे काम चोख आहे. प्रत्येक फळीनंतर पाहिले असते, तर गळते कुठे हा प्रश्नच उरला नसता. नुकतीच ठोकलेली फळी, दुसरे काय? सॉफ्टवेअरचे अगदी तसेच आहे. एका बदलानंतर तांबडे दिसले, तर शोधायला एकच बदल असतो. चाळीस बदलांनंतर दिसले, तर चाळीस असतात, आणि त्यांच्या जोड्याही असतात.

आगरदांडा ते दिघी माणसे आणि गाड्या नेणारी फेरीबोट घ्या. गाड्या चढवायची पुढची फळी नीट उचलली गेली की नाही, हे दर खेपेला पाहावेच लागते. आताच तर पाहिले होते, असे म्हणून चालत नाही. कारण मधल्या वेळात नव्या गाड्या चढल्या आहेत, वजन निराळे आहे. सरकारी पाहणी असते ती वेगळी आणि ही वेगळी. एकीने दुसरीची गरज भागत नाही.

जुने ते पारखलेले, म्हणून ते नव्या ठिकाणीही चालेल, ही समजूत किती महाग पडते याचे एक उदाहरण जगाने पाहिले आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू येथून युरोपचे नवे अग्निबाण एरियन ५ आकाशात निघाले आणि सुमारे ४० सेकंदांत त्याचे तुकडे झाले. दिशा सांभाळणारी आज्ञावली आधीच्या एरियन ४ मधून उचललेली होती, आणि तिथे ती बिनतक्रार चालत होती. नवे अग्निबाण जास्त वेगाने आडवे सरकत होते. त्या वेगाचा आकडा ज्या खणात ठेवायचा, त्यात ३२,७६७ पर्यंतच मावत होते. आकडा त्यापुढे गेला, आज्ञावली कोसळली. नव्या मार्गाचे आकडे घालून जमिनीवर त्या भागाची चाचणी घेतली गेली असती तर हा दोष आधीच दिसला असता, असे चौकशी समितीच्या अहवालात आहे. आपल्या दर्या-दऱ्यांनी अग्निबाण पडत नाही, हे मान्य. पण चुकीची जात तीच आहे: एका ठिकाणी बरोबर असलेली वस्तू दुसऱ्या ठिकाणी न पारखता लावणे. हिंदीला चालणारा नियम मराठीला न पारखता लावणे, हे त्याचेच धाकटे रूप.

या व्यवस्थेत बिघाड कसे शिरतात, तेही ऐकून ठेवा. पहिला बिघाड तांबड्या खुणेची सवय होणे. ‘ती चाचणी नेहमीच पडते, लक्ष देऊ नका’ असे कोणी म्हणाले की समजावे, राखणदार असून नसल्यासारखा झाला. काही चाचण्या लहरी असतात. तोच माल, सकाळी पास, संध्याकाळी नापास. अशी चाचणी दुरुस्त करावी, नाहीतर काढून टाकावी. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो ती काय उगीच? दुसरा बिघाड, परीक्षा लांबत जाणे. उत्तर यायला दोन तास लागले की माणसे वाट पाहायचे सोडतात आणि न पाहताच पुढे जातात. केंट बेक यांनी सगळी बांधणी आणि चाचणी दहा मिनिटांत आटोपावी असा दंडक सुचवला आहे. तो मला व्यवहारी वाटतो. चहा होईपर्यंत उत्तर यावे. आणि तिसरी गोष्ट सवयीची: बाहेरून चुकीची तक्रार आली, तर आधी ती चूक पकडणारी चाचणी लिहावी, ती नापास होते हे पाहावे, आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. नाहीतर चूक आज जाते आणि चार महिन्यांनी नव्या दुरुस्तीबरोबर मुकाट्याने परत येते.

इथवर सगळे यंत्राच्या अंगणातले झाले. पण खरी अडचण कुठे आहे, पाहा. यंत्र उत्तर ताडून पाहते. उत्तर बरोबर आहे की नाही, हे त्याला कळत नाही. बरोबर उत्तरांच्या यादीत कोणी ‘किनार्यावर’ असे लिहून ठेवले, तर यंत्र वर्षानुवर्षे ‘किनार्यावर’ लाच हिरवी खूण देईल, आणि कोणी ‘किनाऱ्यावर’ असे सुधारले तर त्यालाच तांबडे करील. आणि जो शब्द यादीत नाहीच, त्याच्याविषयी यंत्र मुके. म्हणजे परीक्षक कितीही कडक असला, तरी प्रश्नपत्रिका कोणीतरी काढावी लागते, आणि ती भाषा येणाऱ्यानेच काढावी लागते.

काढणाऱ्याला काय काय ठाऊक हवे, याचा अंदाज देतो. मराठीत ऱ केवळ य शी जुळत नाही, ह शीही जुळतो: ऱ्हास, कऱ्हाड, वऱ्हाडी, कुऱ्हाड, तऱ्हा. ‘वाङ्मय’ मध्ये ङ ला म जोडायचा असतो. ‘श्रीवर्धन’ मध्ये श्र आणि रफार एकाच शब्दात आहेत. ‘कोळ्यांच्या’ मध्ये ळ अर्धा होतो, आणि पुष्कळ फॉन्टांत अर्ध्या ळ ची हेळसांड होते, कारण हिंदीच्या रोजच्या लिखाणात ळ येत नाही. ‘म्हावरं’, ‘ऑगस्ट’, ‘उज्ज्वल’, ‘तत्त्व’, ‘राष्ट्रीय’. मग ‘ॲप’ आणि ‘ॲसिड’ मधला ॲ: त्याला युनिकोडच्या पट्टीत २४१८ हा क्रमांक २००८ साली मिळाला. त्याआधीचे पुष्कळ फॉन्ट तो ओळखतही नाहीत, तिथे रिकामी चौकट दिसते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि लिपी प्रमाणित केली. देठाचा श आणि पाकळीचा ल आपण त्याप्रमाणे शिकवतो. एकाच फॉन्टातून हिंदीला हिंदीच्या वळणाचे आणि मराठीला मराठीच्या वळणाचे अक्षर द्यायचे, तर ‘लाल’ किंवा ‘शाळा’ हा एकच शब्द परीक्षेला दोनदा बसवावा लागतो, दोन भाषांच्या नावाने, आणि दोन उत्तरे लिहावी लागतात. हे कोणत्याही यंत्राला आपोआप सुचणार नाही. चौथीच्या वर्गावर दहा वर्षे काढलेल्या गुरुजींना ते सहज सुचेल.

हे अक्षरांचे चोचले आहेत, असे कोणाला वाटेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. मुरूड-श्रीवर्धनच्या बागायती कशा झोपल्या, हे तिकडच्यांना सांगायला नको. अशा वेळी सूचना आता फोनवरही येतात: वारा किती, किनाऱ्यापासून किती लांब, होड्या कधी आत घ्याव्यात. ‘वाऱ्याचा’, ‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’, ‘जाणाऱ्या’. बघा, हवामानाच्या दोन ओळींत ती बारीक रेघ किती वेळा येते. ज्याला वाचनाचा सराव आहे तो चुकलेला शब्दही अंदाजाने वाचेल. पण ज्या मावशींनी प्रौढ वर्गात जाऊन उतारवयात अक्षर ओळखायला घेतले, त्यांना तुटलेली वेलांटी आणि ठिपक्यांचे वर्तुळ म्हणजे आपल्यालाच वाचता येत नाही असे वाटते. दोष फॉन्टचा, आणि मान खाली जाते त्यांची.

तेव्हा शिक्षकांनी काय करता येईल, ते सांगून थांबतो. मुंबईतल्या एक टाइप या अक्षरकारांच्या गटाची मुक्ता आणि बालू ही वळणे, पुण्यात सांभाळला गेलेला लोहित, अक्षरे जुळवणारा हार्फबझ, ही सगळी कामे खुली आहेत. अशा कामांच्या कोठाराशी एक तक्रारवहीही असते आणि तिच्यात कोणालाही लिहिता येते. फोनवर मराठी शब्द मोडलेला दिसला की तेवढ्यापुरते हळहळून सोडू नका. पडद्याचे चित्र घ्या. शब्द कोणत्या ॲपमध्ये दिसला, फोन कोणता, त्याची प्रणाली कितवी, हे टिपा. शब्द चित्रात असला तरी अक्षरांत टाइप करूनही द्या, कारण चित्रातून आकडे काढता येत नाहीत आणि चाचणीला आकडेच लागतात. मग कागदावर तो शब्द कसा दिसायला हवा ते स्वच्छ हस्ताक्षरात लिहून त्याचेही चित्र जोडा. तिकडे बसलेल्या माणसाला मराठी येत असेलच असे नाही. त्याच्याशी सारखा दिसणारा पण वेगळा शब्द असेल तर तोही शेजारी लिहा आणि दोन्हींचे अर्थ द्या.

एक शब्द, एक तक्रार, असे ठेवा. दहा शब्द एकत्र दिले की दोन दुरुस्त होतात, आठ तसेच राहतात, आणि वही बंद होते. वर्गातल्या मुलांना हे काम वाटून देता येते: प्रत्येकाने आपल्या वाडीतला, आपल्या धंद्यातला एकेक जोडाक्षरी शब्द आणावा, फोनवर टाइप करून पाहावा, आणि वहीत दोन रकाने करावेत, एकात दिसला तसा, दुसऱ्यात दिसायला हवा तसा. जे दोन्ही रकान्यांत सारखे निघतील तेही फेकू नका. आज बरोबर असलेला शब्द यादीत असला, तरच तो उद्या बिघडल्याचे यंत्राला कळते.